बाहेरचा चुंबक न धरता

नाग्या, तुझ्या श्रद्धांजलीत मी एकही वाक्य वाढवून बोललो नाही, आणि त्या दिवसापासून अर्धं आखाडा बाळापूर माझ्याशी तुटक वागून राहिलं आहे.

तुला हे ऐकून मजा वाटली असती. चष्मा वर सरकवून तू म्हणाला असतास, "अर्धं? मोजलंस का?" नाही मोजलं. पण चहाच्या हॉटेलात मी शिरलो की बाकड्यावर जागा होते, आणि ती माझ्यासाठी होत नाही, माझ्यापासून होते, एवढं मला कळतं.

गावात कुणी गेलं की सरण रचणारे वेगळे, गोवऱ्या आणणारे वेगळे, आणि माईक माझा. साऊंडचं दुकान माझं, बॅटरीवरचा खोका माझा, गळा माझा. अग्नी दिला की लोक टिनाच्या शेडखाली बसतात. सरपंच दोन शब्द बोलतात, सोसायटीचे चेअरमन दोन शब्द बोलतात, आणि मग सगळ्या माना माझ्याकडे वळतात. दोन शब्दांत माझं कधी भागलं नाही. जो माणूस उभ्या जन्मात पिंपळाच्या पारावरून उठला नाही, त्याला मी कर्मयोगी केला आहे. जिच्या तोंडाला गावची कुत्री भीत, त्या म्हातारीला मी गावाची माय केली आहे. घरचे लोक रडतात, हात जोडतात. मेलेला माणूस जाताना वीतभर उंच होऊन गेला तर कुणाचं काय बिघडतं, असं माझं म्हणणं. तुझं म्हणणं, बिघडतं.

हे भांडण पेटलं दाजीबा पैलवानाच्या सरणापाशी. मी सांगत होतो की दाजीबांनी कळमनुरीच्या उतारावर ब्रेक गेलेली एसटी छातीनं अडवली. आत एक अवघडलेली बाई होती, तिला धक्कासुद्धा लागला नाही, ती तिथंच सुखरूप बाळंत झाली आणि ते पोरगं पुढं एसटीतच कंडक्टर लागलं. शेडखाली हुंदके सुरू झाले. तू सुट्टीवर आलेला, मागं खांबाला टेकून उभा होतास. तुझे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, शास्त्रज्ञ झाला तरी मायाळू आहे पोरगं, रडतंय.

परतताना तू मला बखोटीला धरलंस.

"एसटी? दाजीबाला शेवटी शेवटी सायकल ढकलत न्हवती रे."

"तरुणपणी ढकलत असंल."

"त्याच्या तरुणपणी गावात एसटी येत न्हवती."

"मंग काय बैलगाडी म्हणू? बैलगाडीवर कोण रडतं?"

तू रस्त्यातच थांबलास. "बाल्या, माझ्या वेळी असलं काई बोललास ना, तर सरणावरून उठून माईक हिसकून घेईन."

"ऊठ की. धंद्याची जाहिरात होईल."

"मस्करी न्हाई करून राहिलो. झालं तेवढं झालं म्हणायचं. न्हाई झालं ते न्हाई म्हणायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. कारण सगळ्या हिशेबानं नंबर माझा होता. माझं पोट बघ, माझी तंबाखू बघ. तू उकडलेल्या भाज्या खाणारा माणूस.

तू कसा गेलास ते गावाला माहीत आहे, ते मी इथं उगाळत नाही. दिवाळीला घरी आलास, ताप आला, नांदेडला नेलं, ताप उतरला नाही. बास.

आपल्या दोघांना चुंबकाचं वेड एकाच भोंग्यानं लावलं. माझ्या वडिलांच्या दुकानातला फाटक्या पडद्याचा स्पीकर आपण फोडला आणि त्यातली काळी गोल चकती दोरीला बांधून रस्त्याच्या धुळीतून ओढत नेली. लोखंडाचा कीस केसाळ होऊन चिकटला. मी त्याची मिशी लावून गावभर फिरलो, फौजदार आलाय म्हणून दोघाचौघांना पळवलं. तू तिथंच धुळीत बसलास. चकतीचे दोन तुकडे केलेस, त्याचे चार, त्याचे आठ, आणि प्रत्येक तुकड्याला परत दोन टोकं कुठून येतात म्हणून दिवस मावळेपर्यंत दगडानं ठोकत राहिलास. पुढं बंगळूरूला जाऊन तू आयुष्यभर तेच केलंस. दगड तेवढा महाग झाला.

तुझा चुंबक मी कधी पाहिला नाही. तूसुद्धा नुसत्या डोळ्यांनी पाहिला नव्हतास. खाली प्लॅटिनमचा थर, वर कोबाल्टचा, आणि तो कोबाल्टचा थर इतका पातळ की त्यातल्या अणूंच्या रांगा एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. त्याचा बारीक ठिपका कापायचा, तो तुझा चुंबक. त्याचं तोंड वर असलं तर एक, खाली असलं तर शून्य. गावात लाईट गेली की माझा टीव्ही घड्याळापासून सगळं विसरतो, तुझा ठिपका विसरत नाही. तोंड वर ठेवून गेला तर लाईट आल्यावरही वरच सापडतो. हे मला फार आवडलं होतं. माझ्या स्पीकरमधला पाच किलोचा चुंबक नुसता बोंबलतो, तुझा दिसतसुद्धा नाही आणि गुमान लक्षात ठेवतो.

विजेनं तो फिरवायचा कसा, हे तू मला दुकानाच्या ओट्यावर बसून सांगितलंस. आठवडी बाजाराचा दिवस होता, समोरची गल्ली तुडुंब वाहत होती.

"हे बघ, माणसं सरळ चालली आहेत. समज, यातली निम्मी उजव्या गिरकीची, निम्मी डाव्या. साधी गल्ली असली तर कालवून जातात. पण गल्ली प्लॅटिनमची असली तर उजव्या गिरकीची माणसं तुझ्या दुकानाच्या अंगाला सरकतात, डाव्या गिरकीची समोरच्या. जेवढी इकडं तेवढीच तिकडं, म्हणून आडवं माणूस गेलंच न्हाई असा हिशेब लागतो. पण गिरकी आडवी गेली. ती माझ्या चुंबकाला जाऊन लागते."

"म्हंजे इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो."

"फिरत न्हाई."

"आत्ता तर गिरकी म्हणलास."

"फिरत न्हाई, पण फिरत असल्यासारखा वागतो. त्याला स्पिन म्हणतात."

मी ओट्यावरून उठलोच. "नाग्या, जो फिरत न्हाई त्याला तुमी फिरतो म्हणायचं, त्यावर मोठमोठाली यंत्रं बांधायची, आन् माझ्या एका एसटीला नावं ठेवायची?"

तू तोंड उघडलंस, तेवढ्यात चहा आला, मग गिऱ्हाईक आलं, मग तुझी गाडी निघायची वेळ झाली. ते उत्तर राहून गेलं. फोनवर मी पुन्हा पुन्हा टोचलं तर म्हणायचास, समोर बसून सांगायची गोष्ट आहे. आता बस समोर.

आणि अडचण कुठं होती, तेही तू त्याच दिवशी सांगितलंस. प्लॅटिनममधून आलेली गिरकी चुंबकाला आडवं पाडते. इथपर्यंत ठीक. पण करंट बंद केला की त्या आडव्या पडलेल्याला कळत नाही, आता उठायचं ते तोंड वर करून की खाली. कधी वर उठतो, कधी खाली. म्हणून बाजूला एक बाहेरचा चुंबक धरावा लागतो. तो नुसता कानात सांगतो, इकडून ऊठ. पण नखाएवढ्या चिपवर असे कोट्यवधी ठिपके बसवायचे म्हटल्यावर बाहेरचा चुंबक धरत बसणार कोण? तो काढून टाकायचा होता तुला. दुसऱ्या लोकांनी आपापल्या परीनं काढला होता, तुला तुझ्या रीतीनं काढायचा होता. त्यासाठी तू थराची एक बाजू केसाच्या लाखाव्या भागाएवढी उतरती केलीस. हे मी वाढवून सांगत नाही. मी नांगराच्या फाळाएवढं म्हणणार होतो, तू चिडून दुरुस्त केलंस.

आता आप्पांकडे येतो. त्यांच्याकडे यायचं म्हणूनच हे सगळं लांबवतो आहे.

तुझे आप्पा बाजार समितीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि तुझी आई गेल्यापासून रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊ लागले. मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर बसायचे, टोपी मांडीवर काढून ठेवायचे आणि विचारायचे, "काय म्हणतो आमचा शास्त्रज्ञ?" तुझा फोन त्यांना रोज यायचा, पण त्यात तू काय बोलायचास? जेवलो. काम चालू आहे. ठेवतो. एवढ्यावर बाप जगत नाही. मग मी सांगायचो. नाग्याच्या प्रयोगशाळेत एक बडे साहेब पट्टा काढायचं विसरून शिरले आणि बकलासकट भिंतीला चिकटले, त्यांना तिथंच डबा द्यावा लागला. नाग्याचा चुंबक हिंगोलीत ठेवला तर नांदेडपर्यंतच्या सगळ्या होकायंत्रांच्या सुया उत्तर दिशा विसरतात. आप्पा डोळे पुसत हसायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच परत सांगायला लावायचे. मला त्याचा पस्तावा नाही. तुझ्या एका कोरड्या "चालू आहे" वर मी रोज भाकरी थापत होतो.

मग एका खेपेला तू ते सगळं हॉटेलात ऐकलंस. मी सांगत होतो की नाग्याचा चुंबक आला की जिल्ह्यात वीजच लागणार नाही, खांब उपटून जळणाला वापरा. तू आत आलास आणि बाकड्यावरच्या एकेका माणसापाशी बसून दुरुस्ती करायला लागलास. माझा चुंबक टाचणीबी उचलत न्हाई, काका. वीज लागतेच, मामा, फक्त कमी लागते. अजून जमलेलं न्हाई, दादा. दुपारभर हे चाललं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे होत न्हाई म्हण की सरळ." तू म्हणालास, "व्हय. आतापर्यंत न्हाई झालं." कोपऱ्यात आप्पा बसले होते. त्यांनी टोपी घातली आणि उठून गेले. तुला दिसलं का ते? मला दिसलं. त्या संध्याकाळीही ते दुकानात आले, पण खोक्यावर बसून म्हणाले, "बाल्या, त्या साहेबाच्या पट्ट्याचं सांग."

दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी तुझ्याजवळ होतो. आप्पा औषधं आणायला खाली गेले होते. ओठ फाटले होते तुझे. मी वाकलो तर तू म्हणालास, "फिरला."

"कोण?"

"फिरला. बाहेरचा न धरता." आणि हसलास. मग डोळे मिटून दाजीबाचं काहीतरी पुटपुटलास, मग तुझ्या आईला पाणी तापवायला सांगितलंस.

नाग्या, तुझी आई जाऊन किती वर्षं झाली? आता मी त्यातलं काय खरं धरू? आयुष्यभर तू मला पुरावा मागितलास, आणि जाताना स्वतः असं एक वाक्य ठेवून गेलास ज्याला एक बाजू तापाची आणि एक खऱ्याची, आणि कानात सांगायला कुणी नाही.

सरण पेटण्याआधी आप्पा माझ्याकडे आले. मी वायर सोडवत होतो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला, त्याला वजनच नव्हतं.

"बोलणार ना तू?"

"बोलतो, आप्पा."

"दाजीबाला एवढं बोललास. माझं लेकरू काई कमी न्हवतं. कमी बोलू नको."

एका बाजूला त्यांचा हात आणि दुसऱ्या बाजूला माझा तुला दिलेला शब्द. सरपंच बोलले, चेअरमन बोलले, माना वळल्या. माझ्याजवळ काय नव्हतं? परदेशाचे राजे होते, विमानं होती, भिंतीला चिकटलेले साहेब होते. "फिरला" हासुद्धा शब्द होता, तुझ्याच तोंडचा. पण चुंबक खरंच फिरला हे मला ठाऊक नव्हतं, तू म्हणालास एवढंच ठाऊक होतं. मी माईक धरला आणि म्हणालो, "नागनाथला एक बारीक चुंबक विजेनं फिरवायचा होता, बाहेरचा चुंबक न धरता. लाईट गेली तरी त्या चुंबकाला आठवण राहते. बाहेरचा आधार काढला की तो कधी वर उठायचा, कधी खाली. नागनाथ ते सोडवत होता. माझ्या माहितीप्रमाणे ते झालं नाही. तो रोज करत होता."

आणि थांबलो. लोक वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, बाल्या हुंदका गिळून राहिला आहे, आता एसटी येईल. चेअरमननी मागून कुजबुज केली, "आरं, कायतरी मोठं बोल, बाप बसलाय." मी राख सावडायची वेळ सांगितली, दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि बटण बंद केलं. त्या दोन मिनिटांत मी सरणाकडंच बघत होतो. तू उठला नाहीस. उठून हिसकून घेण्यासारखं मी काही बोललोच नव्हतो.

आप्पा दुसऱ्या कुणाचा तरी हात धरून घरी गेले. राख सावडताना त्यांनी मडकं माझ्या हाती दिलं नाही, मी पुढं केलेला हात तसाच राहिला. दुकानातला खोका संध्याकाळी रिकामा राहू लागला. मी त्यावर दुसरं काही ठेवलं नाही.

काल दुपारी बंगळूरूहून फोन आला. तुझ्या प्रयोगशाळेतल्या अनघा मॅडम. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं; तुझा फोन बंद म्हणून त्यांनी माझा शोधला.

"तुम्हीच का ते, एसटीवाले?"

म्हणजे तू तिथं माझं सांगायचास. दाजीबाचं, एसटीचं, कंडक्टर झालेल्या पोराचं. मला हे तू कधी बोलला नाहीस. त्या म्हणाल्या, जेवणाच्या वेळी तुमची एसटी रोज यायची, आणि दर वेळी तिच्यात थोडी आणखी माणसं असायची. मी फोन कानावरून काढून जरा वेळ धरून ठेवला.

मग मी विचारलं, तो चुंबक खरंच फिरला होता का. त्या म्हणाल्या, "हो. गावी निघायच्या आधी एका तुकड्यावर झालं. बाहेरचा चुंबक बंद होता. ठिपका खालून वर उठला. नागनाथनी पुन्हा करंट सोडला, आणि खालची, करंट वाहायची प्लॅटिनमची तार जळाली. त्यामुळे एकदाच. एकदा झालेलं आम्ही झालं म्हणत नाही, दुसऱ्या तुकड्यावर व्हावं लागतं. ते म्हणाले, घरी कळवू नका, परत येऊन पुन्हा करतो, मग मीच वडिलांना सांगेन."

"आता कोण करणार?"

"मी करून बघणार आहे. होईलच असं सांगत नाही." तुझ्याच तालमीतल्या दिसतात.

तिन्हीसांजेला मी आप्पांना बोलवायला निघणार, तर तेच आले. खोक्यावर बसले. टोपी काढली नाही.

"आप्पा, फिरला होता," मी म्हणालो. "नाग्यानं फिरवला. बाहेरचा न धरता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सुरू झालं तुझं."

"खरं सांगून राहिलो. आज त्याच्या मॅडमचा फोन आला होता."

"समद्या गावापुढं न्हाई म्हणलास. आज व्हय म्हणतो. काहून? म्हाताऱ्याची कीव आली?"

नाग्या, मी काय सांगू? इतकी वर्षं याच खोक्यावर मी त्यांना साहेब भिंतीला चिकटवून दाखवले. आता खरं आणलं तर त्यालाही माझाच वास येऊन राहिला होता.

मग त्यांनीच टोपी काढून मांडीवर ठेवली. "असू दे. सांग. तुझ्या तोंडून आइकलं की बरं वाटतं. पयल्यावानी सांग."

मी सांगितलं. प्लॅटिनम सांगितलं, बाजाराची गल्ली सांगितली, उतरता थर सांगितला, ठिपका आडवा पडून वर कसा उठला ते सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"किती येळा उठला?"

"एकदा."

डोळे उघडले. "एकदाच? त्या दाजीबाला एसटी देतोस, आन् माझ्या लेकराला एकदा? धा येळा म्हण ना. कोण मोजायला बसलंय?"

दहा माझ्या जिभेवर आले होते, तुझी शपथ. दहा काय, मी तो ठिपका असा फिरवला असता की नांदेडची घड्याळं उलटी चालली असती. आणि आप्पा हसले असते, डोळे पुसत हसले असते, पूर्वीसारखे.

"एकदाच, आप्पा. दुसऱ्यांदा करंट सोडला, तर तार जळाली."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या गोष्टीत आजवर कधी काही जळालं नव्हतं. रस्त्यावरून एक जीप गेली, तिचा उजेड त्यांच्या चष्म्यावरून सरकला, तरी पापणी हलली नाही. मग त्यांचा आवाज आला, तो मी ओळखला नाही इतका हळू.

"जळाली?"

"व्हय."

"मंग त्यानं काय केलं?"

"घरी आला, आप्पा."